उलायुकचा नवरा भाडं मागतो

उत्तरेच्या बर्फातल्या आमच्या नुवुकटाकात घरभाडं मागायचं म्हणजे अस्वलाच्या तोंडातला मासा काढून घ्यायचा, आणि वर ते अस्वल नात्याने आपला मामा लागायचं. काउनाकला या कामाचा पगार मिळायचा. ती गावच्या घरांच्या ऑफिसची मॅनेजर होती, आणि पाद्रीबाबांचं आणि दुकानाचं सोडलं तर गावातलं एकूण एक घर सरकारी होतं.

दुसऱ्या गावात मॅनेजर भाडं मागायला गेली की दार उघडणारा माणूस निव्वळ भाडेकरू असतो. इथे दारात कोण निघेल याचा नेम नाही. कारण आमच्याकडे माणूस मेला तरी फार दिवस बाहेर राहत नाही. पुढे जन्मेल त्या लेकराला त्याचं नाव दिलं की तो आला परत. मग ते लेकरू मुलगा असो की मुलगी, त्याला हाक तीच मारायची जी गेलेल्याला मारत होतो. पाण्याच्या गाडीचा दाढीवाला ड्रायव्हर काउनाकची आजी होता. दुकानात गल्ल्यावर बसणारा टकलू तिची धाकटी बहीण होता आणि दर वाढदिवसाला तिच्याकडून रिबीन घ्यायचा. आता अशा आजीला आणि अशा बहिणीला ‘तुमचं भाडं थकलंय’ असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

आणि काउनाक स्वतः कोण होती? ती काउनाक होती. म्हणजे शिकारी काउनाक. हा माणूस बर्फातल्या सीलच्या भोकाशी भाला घेऊन इतका निश्चल उभा राहायचा की एका वसंतात एका डोमकावळीने त्याच्या टोपीत घरटं बांधलं, अंडी घातली आणि पिल्लं वाढवून उडवली. पिल्लांचं जरा जास्त होतं असं मानलं तरी अंडी खरीच. एका शरद ऋतूत तो कोवळ्या बर्फावरून गेला आणि परतला नाही. मग पुढच्या वसंतात ही पोर जन्मली, तेव्हा तिला दुसरं कुठलं नाव देण्याचा प्रश्नच आला नाही.

त्यामुळे निम्मं गाव तिला बाबा म्हणायचं, काका म्हणायचं, आणि उलायुक तिला ‘अहो’ म्हणायची.

उलायुक शिकाऱ्याची बायको. पोर जन्मली त्या दिवशी ती पाळण्याशी आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, “आलात? किती उशीर!” तेव्हापासून दर हिवाळ्याला ती सीलच्या कातड्याचे बूट शिवून काउनाकला घालायची, पाय वाढेल तसं माप वाढवायची. काउनाकने आयुष्यातला पहिला मासा धरला तो उलायुकच्या दारात नेऊन ठेवला, कारण तसं नवऱ्याने करायचं असतं. पुढे काउनाकचं लग्न ठरलं तेव्हा उलायुकने नवऱ्या मुलाला कोपऱ्यात घेतलं आणि समजावलं, “हे घोरतात. कुशीवर वळवलं की थांबतात.” ते खरं निघालं.

एवढं सगळं गोड होतं. कडू होती ती महिन्याची पहिली तारीख.

त्या दिवशी उलायुक ऑफिसात यायची, हातमोजा काढायची आणि दोन डॉलरचं नाणं टेबलावर ठेवायची.

“अहो, हे घ्या भाडं.”

“अगं, तुझं भाडं साठ डॉलर आहे. म्हाताऱ्यांना सवलत देऊन साठ. गावात सगळ्यात कमी.”

“साहेबाशी हात कोणी मिळवला होता? मी, की तुम्ही?”

काउनाक दोन डॉलरची पावती फाडायची. कारण हात तिनेच मिळवला होता. तिच्या जन्माआधी बरीच वर्षं का असेना.

गाव सांगतं ते असं. गावात पहिली घरं जहाजातून सुटी सुटी आली, माणसांनी ती जोडली आणि हिवाळाभर त्यांत राहून बघितलं. वसंतात दक्षिणेकडून एक चष्मेवाला साहेब विमानाने आला. त्याने सगळ्यांना जमवून सांगितलं की घरं तुमचीच समजा, भाडं महिन्याला दोन डॉलर, कायमचं. दुभाष्याने ‘कायमचं’ दोनदा सांगितलं. सगळे एकमेकांकडे बघत बसले, तेवढ्यात शिकारी काउनाक उठला आणि त्याने साहेबाचा हात हातात घेऊन असा दाबला की चष्मा नाकावरून घसरला. साहेब विमानात बसून गेला. कायमचा म्हणजे काय ते त्याने तेवढं खरं करून दाखवलं. मग नवी खाती आली, नवे साहेब आले. भाडं कमाईवर ठरू लागलं, दर बदलले. उलायुक मात्र त्या हस्तांदोलनापाशीच उभी होती.

बाकीचं गाव तिच्याकडे बघून चालायचं. ज्याला हंगामात पैसे मिळाले तो थोडेफार भरायचा, नाही मिळाले तर म्हणायचा, “आधी उलायुकचं बघ, मग आमच्याकडे ये.”

“आणि तू बाबा असून पोराकडे पैसे मागतेस?” असं वर नाटार म्हणायचा. नाटार उलायुकचा थोरला, पन्नाशी ओलांडलेला, दारातून आत यायचा तर आधी एक खांदा यायचा, मग दुसरा. आवाज असा की त्याने खाडीवर कुत्र्यांना हाक मारली तर पलीकडच्या गावातली कुत्री उठून उभी राहायची.

हे असं कायम चाललं असतं, पण हॅलोरन साहेबाचा फोन आला. हा विभागाच्या कचेरीत बसायचा, तीन विमानं बदलून जावं लागतं तिथे. माणूस वाईट नव्हता. बारा महिने त्याला सर्दी असायची, एवढंच.

“काउनाक,” तो नाक ओढत म्हणाला, “तुमच्या ऑफिसचा खर्च बघतोय. तेल, पाण्याची गाडी, मैल्याची गाडी, दुरुस्ती. सरकार देतं त्यात भाड्याची भर पडली तरच हिशेब बसतो. भर पडतच नाहीये. मार्चअखेरपर्यंत वसुली सुधारली नाही तर घरांचं मंडळ नुवुकटाकचं ऑफिस बंद करणार. किल्ल्या इथे येतील.”

“आणि मार्कूसी?”

“दुरुस्तीला माणूस इथून पाठवू. विमानाने.”

“हवा चांगली असेल तर.”

“हो,” हॅलोरन म्हणाला, आणि शिंकला. “हवा चांगली असेल तर.”

काउनाकने फोन ठेवला. मार्कूसी म्हणजे गावातली घरं गरम ठेवणाऱ्या सगळ्या भट्ट्यांचा वैद्य. एका जानेवारीत पुआलू म्हाताऱ्याच्या घराची भट्टी बंद पडली, तर मार्कूसी रस्ता ओलांडून पोचेपर्यंत नळातून पडणारं पाणी काठीसारखं उभं राहिलं होतं. पुआलूने ते मोडून चहाच्या किटलीत घातलं. आता हाच मार्कूसी रस्त्यापलीकडे नाही, तीन विमानांपलीकडे आहे, आणि बाहेर वादळ आठवडाभर हलत नाही, असं समजा. नळ फुटणार, भिंती बर्फाने भरणार, माणसं पोरंबाळं काखोटीला मारून शेजाऱ्याकडे जाणार. मग शेजाऱ्याची भट्टी जाणार. ऑफिस गेलं तर पुढच्या हिवाळ्यात कुठल्या तरी घरात कुणीतरी गारठून मरेल, आणि कोण मरेल हेसुद्धा काउनाकला अंदाजाने माहीत होतं. ज्यांच्या खिडक्या जुन्या, ज्यांची हाडं जुनी.

हॅलोरनचा हुकूम होता की ज्यांची थकबाकी सगळ्यात जुनी, त्यांना घर सोडायची पहिली नोटीस. सगळ्यात जुनी थकबाकी उलायुकची.

नोटीस छापील होती, आमच्या लिपीत नीट उतरवलेली, आणि तिच्यावर मॅनेजरची सही लागायची. काउनाकने पेन उचललं, खाली ठेवलं, चहा केला, तो गार होऊ दिला आणि शेवटी सही केली. हातात द्यायचा धीर झाला नाही, म्हणून उलायुकच्या दारात चिकटवून ती चोरासारखी पळाली. मॅनेजर इथलीच होती, तरी आपण काय केलं ते तिच्या दुपारपर्यंत लक्षात आलं नाही.

दुपारी गावच्या रेडिओवर सीपोराचा कार्यक्रम असतो. कुणाची कुत्री सुटली, कुणाकडे व्हेलची कातडी जास्त आहे, ते लोक फोन करून सांगतात. त्या दिवशी पहिला फोन उलायुकचा.

“सीपोरा, मला गावाला एक कागद वाचून दाखवायचा आहे,” ती शांतपणे म्हणाली. “‘तुम्ही हे घर सोडून निघावं. काउनाक.’ एवढाच आहे. इतक्या वर्षांचा संसार झाला, आणि नवऱ्याने मला आज घराबाहेर काढलं. ठेवते.”

सीपोराने घाईघाईने अंत्यविधीला वाजवतात ते भजन लावलं.

संध्याकाळच्या आत सगळ्या नुवुकटाकात बोभाटा झाला की काउनाकने बायको टाकली. उलायुकच्या ओट्यावर लोकांनी मांस आणून ठेवलं, मासे आणून ठेवले. इतके, की दार उघडेना आणि तिला खिडकीतून सगळ्यांचे आभार मानावे लागले. पुआलू विधुर होता. तो केस कापून, कानामागे साबण लावून, बगलेत एक मोठा गोठलेला मासा घेऊन आला.

“मोकळी झालीस असं ऐकलं,” तो म्हणाला.

“अजून फारकत व्हायची आहे. मासा ठेवून जा,” उलायुक म्हणाली.

काउनाकच्या ऑफिसात नाटार आला. आधी एक खांदा, मग दुसरा.

“बाबा! आईला असं करतात?”

“नाटार, अरे ती छापील नोटीस आहे. सगळ्यांनाच जाणार होती.”

“सगळ्यांना? तुझ्या अजून बायका आहेत?”

“तसं नाही रे! तू ऐकून तर घे…”

“मी ऐकणार नाही. आईने माफ करेपर्यंत आम्ही भावंडं एक डॉलर भरणार नाही. तुझ्याच घरात राहून तुझ्याच आईला बाहेर काढलं असतं तर कळलं असतं तुला!”

नाटारचं नातं लावता लावता काउनाकचं डोकं फिरलं. तिचा घरचा नवरासुद्धा त्या रात्री जेवताना ताटाशी अंग चोरून बसला होता. “मलाही कागद देणार आहेस का?” तो म्हणाला. “आधी सांग, म्हणजे बर्फगाडी माझ्या नावावर करून घेतो.”

थोडंफार भाडं येत होतं तेही थांबलं. फेब्रुवारी सरत आला. काउनाकने ठरवलं, आता ऑफिसचं जे होईल ते होवो, आधी बायकोची समजूत काढायची.

ती उलायुकच्या घरी गेली. दाराशी मासे बाजूला सारले आणि आत शिरली. उलायुक स्वयंपाकघरात, बाहेरचा अंगरखा, टोपी, हातमोजे सगळं घालून बसली होती. दिवा जळत होता, आणि त्याची ज्योत आडवी पडली होती.

“कुठे निघालीस?” काउनाकने विचारलं.

“कुठे नाही. घरातच आहे.”

काउनाकने हात पुढे केला. खिडकीच्या चौकटीतून वारा असा येत होता जणू बाहेरचं सगळं आभाळ त्या एका फटीतूनच घरात यायला बघतंय. फटीत कातड्याचे तुकडे कोंबले होते, त्यांवर बर्फाची दाढी वाढली होती. नळाला फडकं बांधलं होतं. भट्टी खोकत होती.

“अगं, हे कधीपासून? मार्कूसीला का नाही सांगितलंस? एक फोन केला असतास तर तो आला असता!”

“कुठल्या तोंडाने सांगू?” उलायुक म्हणाली. “दोन डॉलर भरते मी. दोन डॉलरमध्ये किती घर येतं? भिंती आल्या, छप्पर आलं. खिडकी त्यात बसत नाही, हे कळतं मला.”

काउनाक स्टूल ओढून तिच्यासमोर बसली. ही बाई सगळ्या गावाला वाटलं तशी फुकट राहत नव्हती. आपल्या हिशेबाने ती चोख राहत होती. जेवढे पैसे द्यायची तेवढंच घर वापरायची, आणि उरलेलं घर थंडीला सोडून द्यायची.

“मग साठ भर ना,” काउनाक काकुळतीने म्हणाली. “पेन्शनीत निघतात साठ.”

“निघतात. पण साठ भरले की काय झालं? माझ्या नवऱ्याने शब्द दिला-घेतला, तो खोटा झाला. गाव म्हणणार, काउनाक भोळा होता, साहेबाने त्याला गंडवलं. तुम्ही गेलात तेव्हा काय होतं मागे? भाला वाहून गेला. कुत्री विकली. एक तो हात मिळवलेला तेवढा राहिला होता. तो मी सांभाळून ठेवला.” ती काउनाककडे बघायला तयार नव्हती. “आणि तुम्हीच कागद पाठवता.”

भट्टी दोनदा खोकली.

“मला आठवत नाही,” काउनाक हळूच म्हणाली. “तूच सांग. मी का उठले होते तेव्हा? बाकी कुणी उठलं नाही. मी काय दोन डॉलर ऐकून उठले?”

उलायुकला हसू आलं. “दोन डॉलर! तुम्हाला डॉलर म्हणजे काय ते कुठे ठाऊक होतं? कोल्ह्याच्या कातड्याला किती चहा, किती पीठ, एवढंच समजायचं. नाटारमुळे उठलात. आधीच्या हिवाळ्यात बर्फाच्या घरात तो रात्रभर खोकायचा. नावाला पोर उरलं होतं, नुसती फासळ्यांची पेटी. मग या घरात आलो, अन् त्याचा खोकला थांबला. वसंतात तो साहेबाच्या पुढ्यात जमिनीवर रांगत होता, बूट चावत होता साहेबाचे. तुम्ही बघत होतात. मग उठलात. साहेबाचं बोलणं संपायच्या आधीच उठलात.”

“बोलणं संपायच्या आधी?”

“दुभाष्या अजून आकड्यापर्यंत आलाही नव्हता.”

काउनाकने उलायुकचे दोन्ही हात धरले. हातमोजे घातलेले होते, तरी आतली थंडी बाहेर लागत होती.

“अगं मग तो सौदा नव्हताच,” ती म्हणाली. “मी आभार मानत होते!”

उलायुकने पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. मासे बाजूला सारून काउनाक बाहेर पडेपर्यंत ती तशीच तिच्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी काउनाक रेडिओच्या खोलीत जाऊन सीपोरासमोर बसली. तिने यायच्या आधी मार्कूसीला उलायुकच्या खिडकीवर धाडलं होतं. भाडं येवो न येवो, हे तिने स्वतःच्या जबाबदारीवर केलं. सीपोराने माइक तिच्याकडे वळवला आणि डोळे वटारले: सांभाळून बोल, सगळं गाव ऐकतंय.

“मी काउनाक बोलतोय,” काउनाक म्हणाली.

गावात सगळीकडे चहाचे कप जिथल्या तिथे थांबले. म्हणतात की खाडीवर भोकाशी डोकं काढलेला एक सीलसुद्धा ऐकत थांबला, आणि नाटारच्या हातात भाला असूनही त्याला मारायचं सुचलं नाही.

“माझ्या बायकोला मी कागद पाठवला. ते चुकलं. तोंडाने सांगायचं ते कागदाने सांगितलं. उलायुक, मला माफ कर.

“आता दुसरं. मी साहेबाचा हात धरला होता, ते सगळ्यांना माहीत आहे. का धरला ते कुणी विचारलं नाही. माझं पोर खोकत होतं, ते थांबलं होतं. नाटार, तू. तुझ्यासाठी उठलो होतो. घर गरम होतं म्हणून मी त्या माणसाचे आभार मानले. दोन डॉलरचं मला काही कळलंच नव्हतं. म्हणजे मी फसलो नाही. आभार मानताना कुणी फसत नसतं.

“पण आभार एकदा मानून भागत नाही. तो साहेब गेला. आज घर गरम कोण ठेवतं? पुआलू, तुझ्या नळाचं पाणी काठीसारखं उभं राहिलं तेव्हा कोण आलं होतं? मार्कूसी. त्याचा पगार तुमच्या भाड्यातून होतो. पाण्याची गाडी माझी आजी चालवते, तिचं तेल भाड्यातून येतं. मार्चअखेर पैसे जमले नाहीत तर ऑफिस जाईल आणि मार्कूसी जाईल. मला तुमच्याकडून भाडं नकोय. म्हणजे, हवंय! पण मला असं वाटतं की गरम घराचे आभार मानायचे राहिलेत, ते मानू या. साहेबाच्या हातातला माझा हात मी आज सोडवून घेतला. तो आता इथे टेबलावर ठेवलाय. बस, एवढंच.”

सीपोराने नाक पुसलं आणि पहिला फोन घेतला.

“पुआलू बोलतोय. काठी नव्हती, दोन काठ्या होत्या. गरम आणि गार. मार्कूसीने दोन्ही सोडवल्या, तेव्हा मी त्याला चहासुद्धा विचारला नव्हता. मार्कूसी, ये चहाला.”

मग दुसरा फोन आला, मग तिसरा. कुणाच्या बाळंतपणात मार्कूसीने भट्टीपाशी रात्र काढली होती, कुणाच्या मैल्याची टाकी त्याने नाताळच्या दिवशी खोदून काढली होती. एका बाईने सांगितलं की तिच्या घरातली भट्टी मार्कूसीला घाबरते, त्याच्या पावलांचा आवाज आला की आपोआप सुरू होते. त्या दिवसाचा रेडिओवरचा बिंगोचा खेळ रद्द करावा लागला, आणि नुवुकटाकात बिंगो याआधी फक्त राणीच्या मयताला रद्द झाला होता, तोही अर्धा.

शेवटचा फोन उलायुकचा.

“अहो,” ती म्हणाली.

“बोल,” काउनाक म्हणाली.

“इतकं बोलायला कधी शिकलात? पहिल्या वेळी तर अख्ख्या हिवाळ्यात तुमच्या तोंडून ‘चहा’ आणि ‘वारा फिरला’ एवढंच यायचं.”

सगळं गाव हसलं. हसण्याने खिडक्यांवरचं बर्फ पडलं असं सांगतात.

“मार्कूसी इथे बसलाय,” उलायुक पुढे म्हणाली. “खिडकी बसवून झाली. मी टोपी काढून बसलेय, डोक्याला कसंतरीच वाटतंय. हात सोडवलात ना? बरं केलंत. उद्या येते. पुआलू, तुझा मासा खाल्ला, छान होता. फारकत रद्द झाली.”

दुसऱ्या दिवशी काउनाक ऑफिस उघडायला गेली तर दारात रांग. रांग दुकानाला वळसा घालून, पाद्रीबाबांच्या घरामागून, पार विमानाच्या धावपट्टीपर्यंत गेली होती. धावपट्टीवर उतरलेल्या टपालाच्या विमानाचा पायलट काही तरी फुकट वाटतायत असं समजून रांगेत उभा राहिला आणि भाडं भरूनच गेला. कुणाचं भरलं ते अजून कळलेलं नाही.

सगळ्यांच्या पुढे उलायुक होती. तिने साठ डॉलर मोजून ठेवले, आणि मागचं सगळं दर महिन्याला थोडं थोडं फेडायचं कबूल करून सही केली. तिच्या मागे नाटार. तो काही बोलला नाही. बोलला असता तर छप्पर उडालं असतं. त्याने आपले आणि भावंडांचे पैसे ठेवले, मोठ्या पंज्याने काउनाकचा हात हातात घेतला आणि दाबला. काउनाकला पेन धरता यायला पुढे दोन तास लागले.

पाण्याच्या गाडीचा ड्रायव्हर आला तेव्हा काउनाक उभी राहिली, कारण आजी आली की उभं राहायचं असतं. गल्ल्यावरची धाकटी बहीण रिबीन बांधलेलं पाकीट घेऊन आली. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांनी हंगामात कधी देणार ते सांगितलं, आणि नुसतं सांगितलं नाही, लिहून घ्यायला लावलं. काउनाक दर माणसाला थँक्यू म्हणत होती. दुपारी तिचा घसा बसला, तरी ती मान हलवून म्हणत राहिली.

मार्च संपला. हॅलोरनचा फोन आला. त्याची सर्दी गेली होती, इतका तो चकित झाला होता.

“ऑफिस राहतंय,” तो म्हणाला. “मार्कूसीची जागाही. आणि मंडळाने दहा नव्या भट्ट्यांना मंजुरी दिलीये. पण काउनाक, मला अहवाल लिहायचाय. बाकीच्या गावांनाही उपयोग होईल. वसुली वाढवायला तुम्ही नेमकं केलंत काय?”

काउनाकने विचार केला. “नवऱ्याने बायकोची माफी मागितली,” ती म्हणाली.

पलीकडून दोन शब्द टाइप केल्याचा आवाज आला. मग हॅलोरन म्हणाला, “मी ‘भाडेकरूंशी संवाद’ असं लिहितो.”

“लिहा,” काउनाक म्हणाली. “थँक्यू, साहेब. खरंच.”

तिने फोन ठेवला न ठेवला तोच तो पुन्हा वाजला.

“अहो, हे काय करून ठेवलंय मार्कूसीने?” उलायुक कडाडली. “घर इतकं गरम झालंय की कोपऱ्यातलं मांस वितळलं. आणि मुद्दाम खिडकी उघडायला गेले तर उघडत नाही, इतकी घट्ट बसवलीये! साठ डॉलर भरते मी, साठ! उघडणारी खिडकी त्यात येते की नाही?”

“येते गं, येते.” काउनाकने पेन घेतलं. ती इतकं हसत होती की डोळ्यांना धूसर दिसत होतं. “आणि आणखी काय काय बिघडलंय? सगळं सांग. सावकाश सांग. मी लिहून घेतोय.”

“लांबलचक आहे हो.”

“असू दे.”

उलायुक पाणी प्यायली, खाकरली, आणि तिने पहिल्या हिवाळ्यापासून सुरुवात केली.